पहिलं घर आवाक्यात आणायचं, तर धोरणाचा क्रम कसा असावा

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ मध्ये 'हेल्प टू बाय' नावाची योजना सुरू झाली. नवं घर घेणाऱ्याने किमतीच्या ५ टक्के रक्कम स्वतः आणायची, २० टक्क्यांपर्यंत सरकार उसने देणार आणि पहिली पाच वर्षं त्या पैशावर व्याज नाही. उरलेलं बँकेचं कर्ज. पुढे लंडनपुरता सरकारी वाटा ४० टक्क्यांपर्यंत वाढवला गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी या योजनेचा परिणाम दोन ठिकाणी तपासला. लंडन महानगरात बांधकामाची परवानगी मिळणं फार कठीण, तिथे नव्या घरांच्या किमती चढल्या आणि बांधकामात मात्र दिसेल एवढी वाढ झाली नाही. इंग्लंड-वेल्सच्या सीमेलगत बांधायला वाव होता, तिथे घरं जास्त उभी राहिली आणि किमती फारशा हलल्या नाहीत.

सरकार तेच, योजना तीच, तरी एका ठिकाणी पैसा घर घेणाऱ्याच्या कामी आला आणि दुसऱ्या ठिकाणी विकणाऱ्याच्या खिशात गेला. म्हणूनच पहिलं घर घेणाऱ्यांसाठी धोरण आखताना 'किती मदत द्यायची' या प्रश्नाआधी 'कशानंतर द्यायची' हे ठरवावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत. धोरणाचा मसुदा करणाऱ्याला, त्यावर हरकती-सूचना पाठवणाऱ्याला आणि जाहीरनामा वाचून मत ठरवणाऱ्यालाही त्या वापरता येतील.

पायरी १ : अडलंय कुठे, ते आधी शोधा

'घर परवडत नाही' या एका वाक्यात निदान चार वेगळ्या अडचणी असतात. कुणाला हप्ता झेपेल, पण सुरुवातीची रक्कम जमत नाही, कारण पगाराचा मोठा भाग भाड्यात जातो. कुणाकडे आई-वडिलांनी दिलेली रक्कम आहे, पण हप्ता आवाक्याबाहेर आहे. कुणाला दोन्ही जमेल, पण उत्पन्न रोखीचं, अनियमित, कागदावर न दिसणारं. त्यामुळे बँक दारात उभं करत नाही. आणि चौथी अडचण सगळ्यांची: शहरात पुरेशी घरंच नाहीत, असतील ती ऐपतीपेक्षा मोठी किंवा कामाच्या जागेपासून दोन तास लांब.

प्रत्येक अडचणीवरचा इलाज निराळा आहे. सुरुवातीची रक्कम नसलेल्याला व्याजात सवलत देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यामुळे पहिलं काम मोजणीचं. शहराच्या सरासरी उत्पन्नावर विसंबू नका. थोड्या श्रीमंतांमुळे सरासरी फुगते. आज भाड्याने राहणाऱ्या, साधारण पंचवीस ते चाळीस वयोगटातल्या कुटुंबांचं मधलं उत्पन्न घ्या, म्हणजे निम्मी कुटुंबं त्याच्या वर आणि निम्मी खाली. मग त्या उत्पन्नाशी तीन गोष्टी ताडून पाहा: भाडं आणि घरखर्च जाऊन सुरुवातीची रक्कम साठवायला किती वर्षं लागतील, हप्ता उत्पन्नाच्या किती टक्के होईल, आणि गेल्या पाच वर्षांत कुटुंबं किती वाढली व घरं किती बांधली गेली. हे आकडे शहरागणिक काढा. देशाचा म्हणून काढलेला एक आकडा कुठल्याच शहराचं दुखणं दाखवत नाही.

पायरी २ : 'पहिलं घर' कुणाचं, हे लिहून ठेवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण निम्म्या तक्रारी इथेच जन्म घेतात. अमेरिकेच्या सरकारी कर्जयोजनांमध्ये गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात न राहिलेली व्यक्ती पहिल्यांदा घर घेणारी धरली जाते. त्यामुळे घटस्फोटानंतर घर सोडावं लागलेल्या किंवा मंदीत घर गमावलेल्या माणसाला पुन्हा संधी मिळते. भारतातल्या प्रधानमंत्री आवास योजनेची अट वेगळी आहे. कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यापर्यंत मदत पोचावी हा तिचा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. पण वडिलोपार्जित घरात पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा मालक असलेल्या माणसाचं काय, याचंही उत्तर नियमात हवं. तो हिस्सा विकता येत नाही, त्यात राहता येत नाही, आणि तरी तो 'मालक' ठरतो.

मसुद्यात किमान एवढं स्पष्ट असावं: कुटुंब म्हणजे कोण, मिळवती अविवाहित मुलं वेगळं कुटुंब धरायची का, वारसाहक्काच्या छोट्या हिश्श्याचं काय, आणि घर कुणाच्या नावावर व्हायचं. प्रधानमंत्री आवास योजनेने अल्प उत्पन्न गटांसाठी घरात स्त्रीचं नाव असण्यावर भर दिला. माझ्या मते पहिल्या घराच्या कोणत्याही योजनेत ही अट असायला हवी. सरकारी पैशाने घेतलेलं घर मोडक्या संसारात एकाच माणसाच्या हाती जाऊ नये.

पायरी ३ : मदतीआधी घरांची वाट मोकळी करा

ही पायरी सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. तिची फळं निवडणुकीच्या आत दिसत नाहीत, म्हणून ती बहुतेक ठिकाणी टाळली जाते.

आधी गणित पाहा. एक लाख रुपयांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, ९ टक्के व्याज, तर हप्ता साधारण ९०० रुपये. सरकारने सवलत देऊन व्याज ७ टक्क्यांवर आणलं तर हप्ता ७७५ च्या आसपास येतो. ऐकायला छान वाटतं. पण जो कालपर्यंत ९०० भरू शकत होता तो आता त्याच हप्त्यात १६ टक्के जास्त कर्ज घेऊ शकतो. तो एकटाच असता तर चाललं असतं. पण तेवढ्याच घरांसाठी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांची ताकद एकदम १६ टक्क्यांनी वाढली, की विकणाऱ्याला भाव वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

वाट मोकळी करायची म्हणजे काय करायचं, याचं चांगलं उदाहरण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने घालून दिलं. २०१६ च्या विकास आराखड्यात शहराने निवासी जमिनीच्या जवळपास तीन-चतुर्थांश भागावर पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला मुभा दिली. जिथे एका भूखंडावर एकच बंगला चालत होता तिथे जोडघरं आणि छोट्या इमारती कायदेशीर झाल्या. पुढच्या पाच वर्षांत शहरातल्या घरबांधणी परवानग्या साधारण दुप्पट झाल्या, आणि त्यातला मोठा वाटा मुभा मिळालेल्या भागातल्या जोडघरांचा होता. मला यातली महत्त्वाची गोष्ट व्याप्तीची वाटते. दोन-चार प्रकल्पांना खास सवलत दिली असती तर त्या जमिनींच्या मालकांनी भाव चढवले असते. मुभा जवळजवळ सगळ्या शहराला मिळाली, तेव्हा कुणा एका जमीनमालकाला भावासाठी अडून बसण्यात अर्थ उरला नाही.

स्थानिक पातळीवर तपासायच्या गोष्टी अशा. एका भूखंडावर किती घरं चालतात आणि घराचं किमान क्षेत्रफळ किती ठरवलंय? किमान आकार मोठा ठेवला की लहान, स्वस्त घर बांधणंच बेकायदा ठरतं. प्रत्येक घरामागे वाहनतळाची सक्ती आहे का? ती जागा आणि तिचा खर्च घराच्या किमतीत जातो, गाडी असो वा नसो. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार मोठ्या नगरपालिकांना ही सक्ती काढायला लावली. अर्जापासून परवानगीपर्यंत किती महिने जातात आणि किती टेबलांवरून कागद फिरतो? त्या प्रत्येक महिन्याचं व्याज बांधणारा सोसतो आणि शेवटी घेणाऱ्याकडून वसूल करतो. आणि जास्त घरांना परवानगी देताना पाणी, सांडपाणी, रस्ते आणि बस यांची तरतूद त्याच कागदावर आहे का? नळ कोरडा असलेल्या वसाहतीत स्वस्त घर घेतलेल्या कुटुंबाचं वाचलेलं सगळं टँकरमध्ये जातं.

सार्वजनिक जमीन हे दुसरं मोठं साधन. सिंगापूरचा क्रम इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९६० मध्ये घरबांधणी मंडळ स्थापन झालं आणि त्याने आधी वेगाने घरं बांधली. १९६४ मध्ये ती विकायला सुरुवात झाली. १९६६ मध्ये जमीन ताब्यात घेण्याचा कडक कायदा आला. आणि १९६८ मध्ये नोकरदारांना भविष्यनिर्वाह निधीतली बचत घरासाठी वापरू दिली गेली. लोकांच्या हातात पैसा आला तोवर घरं उभी राहत होती. आज तिथली जवळपास ९० टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. हा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. तिथे बहुतांश जमीन सरकारची आहे आणि सरकारी घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतं, त्यामुळे पट्टा सरत आला की घराची किंमत घसरते. जमीनमालकांना त्या काळात मिळालेला मोबदलाही कमी होता. पण क्रम उचलता येतो.

एक सावधगिरी. घरांचा मोठा आकडा जाहीर करणं म्हणजे पुरवठा वाढवणं असं समजू नका. न्यूझीलंडच्याच 'किवीबिल्ड' योजनेने दहा वर्षांत एक लाख घरांचं वचन दिलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते लक्ष्य सोडून द्यावं लागलं. त्याच देशात नियम बदलणाऱ्या ऑकलंडने जे साधलं ते आकडा जाहीर करून साधलं नाही.

पायरी ४ : अडचणीला साजेसं साधन निवडा

सुरुवातीची रक्कम हीच अडचण असेल तर तीन मार्ग आहेत. पहिला बचतीचा. कॅनडाने एप्रिल २०२३ पासून पहिल्या घरासाठी खास बचत खातं सुरू केलं. वर्षाला ८ हजार आणि एकूण ४० हजार डॉलरपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि घरासाठी काढताना करही लागत नाही. यात शिस्त लागते, आणि बाजारात पैसा एकदम न येता हळूहळू येतो. दोष एवढाच की, ज्याच्याकडे महिन्याअखेरीस काही उरतच नाही त्याला याचा उपयोग नाही. दुसरा मार्ग हमीचा. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२० पासून सरकार बँकेला हमी देतं, त्यामुळे ५ टक्के रक्कम असलेल्यालाही महागडा कर्जविमा न घेता कर्ज मिळतं. सुरुवातीला लाभार्थींची संख्या आणि उत्पन्न दोन्हींवर मर्यादा होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या काढल्या. तिजोरीतून लगेच काही जात नसल्याने सरकारांना हा मार्ग आवडतो, पण मर्यादा काढलेली हमी म्हणजे सर्वांची खरेदीची ताकद वाढवणंच. तिसरी पायरी गाळून असं करणं मला धोक्याचं वाटतं.

तिसरा मार्ग भागीदारीचा. सरकार घरात वाटेकरी होतं आणि घर विकताना आपला वाटा परत घेतं. 'हेल्प टू बाय' याच जातीची. कॅनडानेही २०१९ मध्ये अशी योजना आणली होती, पण घराची किंमत उत्पन्नाच्या साधारण चार-साडेचार पटीत अडकवल्यामुळे टोरांटो आणि व्हॅंकुव्हरसारख्या महागड्या शहरांत ती बसेना. प्रतिसाद थंड राहिला आणि मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. इंग्लंडच्या मर्यादा सैल होत्या, कॅनडाच्या इतक्या घट्ट की गरज असलेलाच बाहेर राहिला.

हप्ता हीच अडचण असेल तर व्याजाची सवलत. मात्र ती कर्जाच्या पहिल्या ठरावीक रकमेपुरतीच द्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्क्यांची सवलत होती, म्हणजे जास्तीत जास्त २.६७ लाखांचा फायदा. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, आणि तेही पाच हप्त्यांत. यात मोठं घर घेतलं म्हणून मदत वाढत नाही, हे चांगलं. कर्जाच्या व्याजावर सरसकट करसवलत दिली की उलटं होतं. जितकं कर्ज मोठं आणि कराचा दर जास्त तितका फायदा जास्त. पहिल्या घराच्या नावाने दिलेली अशी सवलत बहुतांशी आधीच घर असलेल्यांना पोचते.

कर्जाची मुदत लांबवणं हा सगळ्यांत फसवा उपाय. मघाचंच एक लाखाचं कर्ज २० ऐवजी ३० वर्षांवर नेलं तर हप्ता ९०० वरून ८०५ वर येतो. एकूण व्याज मात्र सुमारे १.१६ लाखांवरून १.९० लाखांवर जातं.

मुद्रांक शुल्कातली सवलत पहिल्या खरेदीदारापुरती आणि कायमस्वरूपी असेल तर उपयोगी, कारण ही रक्कम कर्जात येत नाही, रोख भरावी लागते. मर्यादित मुदतीची सवलत मात्र फक्त खरेदीची तारीख हलवते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात शुल्क घटवलं, तेव्हा मुदत संपण्याआधी नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. अमेरिकेत २००९ मध्ये पहिल्या घरासाठी ८ हजार डॉलरपर्यंतची करसवलत होती. ती संपल्यावर जुलै २०१० मध्ये जुन्या घरांची विक्री महिन्याभरात चौथाईहून जास्त कोसळली. साथीत किंवा मंदीत बांधकामाला हात देण्यासाठी अशी सवलत समजू शकते, पण तिला परवडणाऱ्या घरांचं धोरण म्हणू नये.

ज्यांचं उत्पन्न कागदावर नाही त्यांच्यासाठी वरचं काहीच चालत नाही. तिथे वीजबिल, भाडं, बचतगटातली परतफेड यांच्या नोंदींवरून पत ठरवू देणारे नियम आणि त्या कर्जांमागे सरकारी हमी, हा मार्ग. या गटासाठी बहुतेक योजनांत एक परिच्छेदसुद्धा नसतो, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

पायरी ५ : मर्यादा घाला, आणि त्या हलत्या ठेवा

उत्पन्नाची आणि घराच्या किमतीची मर्यादा हवीच. पण आकडा गोठवला की काही वर्षांत योजना आपोआप मरते. ब्रिटनच्या 'लाइफटाइम आयसा' बचत खात्यात सरकार २५ टक्के भर घालतं. घराची किंमत ४ लाख ५० हजार पौंडांच्या आत हवी, ही अट २०१७ पासून तशीच आहे. या काळात घरांचे भाव वाढले. आता मर्यादेपेक्षा महाग घर घेणाऱ्याला पैसे काढताना २५ टक्के दंड बसतो. ८०० पौंड भरले, सरकारचे २०० मिळून १००० झाले, दंड जाऊन हातात ७५०. नियम पाळून वर्षानुवर्षं बचत केलेल्या माणसाचे स्वतःचे ५० पौंड गेले. भारतात 'परवडणारं घर' म्हणून १ टक्का जीएसटी लागण्यासाठी ४५ लाखांची मर्यादा २०१९ मध्ये आली, आणि तीही महानगराला आणि छोट्या शहराला एकच.

मसुद्यात असं वाक्य घाला: मर्यादा दरवर्षी त्या-त्या शहराच्या किमतींच्या निर्देशांकानुसार बदलेल. आणि मर्यादेशी कडा ठेवू नका. एक रुपया उत्पन्न जास्त म्हणून सगळी मदत गेली, असं झालं की लोक खोटे दाखले आणतात. मदत उतरत्या दराने कमी होऊ द्या.

पायरी ६ : पुढच्या खरेदीदाराचा विचार आजच करा

ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं भरघोस सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. लाखो कुटुंबं मालक झाली, आणि त्यांच्या दृष्टीने ते मोठंच काम होतं. पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत, आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला लांबलचक प्रतीक्षायादी आली. शेवटी स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क रद्द केला.

सार्वजनिक पैशाने स्वस्त झालेलं घर पहिल्याच विक्रीत बाजारभावाने गेलं, तर मदत एकाच कुटुंबापाशी संपते. सिंगापूरमध्ये सरकारी घर साधारणपणे किमान पाच वर्षं स्वतः राहिल्याशिवाय विकता येत नाही. अमेरिकेत व्हरमॉंट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या सामुदायिक भूमी न्यासाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. जमीन न्यासाकडेच राहते, कुटुंब फक्त घर विकत घेतं, आणि विकताना वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्सा स्वतःकडे ठेवतं. बाकीची वाढ घरातच राहते आणि पुढच्या कुटुंबाला ते पुन्हा स्वस्तात मिळतं. चौथा हिस्सा पुरेसा की नाही, यावर वाद होऊ शकतो. मुलांच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या कुटुंबाला तिथल्या बाजारात उभं राहायचं असतं, म्हणून मी हा हिस्सा थोडा जास्त ठेवेन. पण सूत्र खरेदीच्या दिवशीच करारात लिहिलेलं हवं.

पायरी ७ : घेणाऱ्याला संकटात ढकलू नका

कमी रक्कम भरून घेतलेल्या घराचा भाव घसरला, तर कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त होतं आणि कुटुंब अडकतं. २००८ नंतर अमेरिकेत हे लाखोंच्या बाबतीत घडलं. म्हणून कर्ज देताना व्याज दोन-तीन टक्के वाढलं तरी हप्ता झेपेल का, हे तपासणं बंधनकारक असावं. मदत मिळतेय म्हणून ही चाळणी सैल करू नये. अर्धवट राहिलेल्या इमारतींपासून संरक्षणही याच पायरीत येतं. भारताच्या २०१६ च्या रेरा कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं सक्तीचं केलं. पहिलं घर घेणारं कुटुंब भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरत असतं, त्यामुळे ताबा वर्षभर लांबला तरी त्याचं कंबरडं मोडतं.

पायरी ८ : मोजणी आणि शेवट, दोन्ही आधीच ठरवा

लाभार्थींची संख्या म्हणजे यश नव्हे. विचारायचा प्रश्न असा: यातल्या किती जणांना योजनेशिवाय घर घेता आलं नसतं? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये 'हेल्प टू बाय'बद्दल हे तपासलं, तेव्हा सुमारे तीन-पंचमांश खरेदीदार योजनेविनाही घर घेऊ शकले असते असं दिसलं. त्यानंतर एप्रिल २०२१ पासून ती फक्त पहिल्या घरासाठी ठेवली गेली, प्रदेशानुसार किमतीच्या मर्यादा आल्या आणि मार्च २०२३ मध्ये योजना संपली. आठ वर्षं उशिराने का होईना, दुरुस्ती झाली.

तुमच्या मसुद्यात ही तपासणी दर दोन वर्षांनी आणि स्वतंत्र यंत्रणेकडून व्हावी. शहरवार आकडे लोकांसमोर यावेत: किती घरं नव्याने बांधली गेली, लाभार्थींचं उत्पन्न काय होतं, आणि योजनेत बसणाऱ्या घरांच्या किमती न बसणाऱ्या घरांपेक्षा वेगाने वाढल्या का. हे शेवटचं उत्तर 'हो' आलं, तर त्या शहरात मदत टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि तो पैसा पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि सार्वजनिक जमिनीवरच्या बांधकामाकडे वळवायचा, अशी तरतूद पहिल्याच दिवशी नियमात लिहून ठेवा. योजना सुरू झाल्यावर ती तरतूद घालायला कुणी तयार होत नाही, कारण तोवर किमतींत, कर्जांत आणि बांधकाम व्यावसायिकांच्या हिशेबात ती मदत धरली गेलेली असते.